अजून आहे का?

"अजून आहे का?"
नमस्कार नाही, नाव नाही. तीन शब्द, रात्री पावणेबाराला.
आहे. पायपेटी आहे, ओकच्या लाकडाची,
ग्रोनिंगनला, नोर्डरहाफनच्या काठावर, तिसऱ्या मजल्यावर.
सगळं जाहिरातीत लिहिलंय.
पण जाहिरात वाचायची असते, हे
हल्ली कुणाच्या आईनं शिकवलेलं दिसत नाही.

किंमत चाळीस युरो.
पहिला म्हणाला, पंचवीस. घर न पाहता.
भाव करा ना, मी कुठं नको म्हणते,
आधी वस्तूला हात तरी लावा.
दुसरीनं विचारलं, शेवटची किंमत काय?
शेवटची किंमत, बाई, शेवटी सांगतात.
तिसरा शनिवारी दहाला येतो म्हणाला.
मी कॉफी केली. दहाचे बारा झाले.
बेल बिघडलीय, म्हणून तीनदा जिना उतरले
आणि तीनदा चढले.
येत नाही, एवढं लिहायला
अंगठ्याला किती कष्ट पडतात?

एकतीस वर्षं मी कालव्यावरचा पूल उचलला.
बोट आली की नावाडी हात वर करायचा,
मी बटण दाबायची,
दोन्हीकडं सायकली खोळंबायच्या,
आणि पलीकडं गेल्यावर तो पुन्हा हात वर करायचा.
त्या दुसऱ्या हातासाठी
शंभर सायकलवाल्यांच्या शिव्या मी ऐकून घेतल्या.

चौथ्याचं नाव त्यालिंग. नाव त्यानंच लिहिलं होतं.
"नमस्कार बाई. मी फ्रीसलंडहून येईन.
जिना किती रुंद आहे? दोर आणू का?"
दोर!
मला वाटलं, ह्या पोराला जेवायला घालावं.

तो दहाला आला.
म्हणजे दहाला पाच मिनिटं असताना आला,
आणि दहा होईपर्यंत खाली गाडीत बसून राहिला.
मी पडद्याआडून बघत होते.
सोबत बहीण, सीत्स्के. दोन घोंगड्या. पाकिटात मोजलेले पैसे.
का विकताय, हे त्यानं विचारलं नाही.
म्हणून मीच सांगितलं:
बाबा रविवारी वाजवायचे, चर्चहून आल्यावर,
एकच स्तोत्र, एकाच जागी चुकत.
मला वाजवता येत नाही. आणि ती जागा मला हवीय,
खिडकीशी एक खुर्ची ठेवायला.

त्यानं गुडघे टेकले, मागची फळी काढली.
भात्याला उंदरानं पाडलेलं भोक. मुठीएवढं.
हे जाहिरातीत नव्हतं.
माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.
"तीस द्या," मी म्हणाले.
"चाळीस ठरलेत," तो म्हणाला. "भोक मला बुजवता येतं."
"मला माहीत असायला हवं होतं."
"मग पस्तीस," सीत्स्के म्हणाली, "आणि कॉफी."
आम्हा दोघांपेक्षा तिला व्यवहार कळत होता.
एका कपाला एक बिस्कीट, हा आमच्याकडचा नेम.
त्या दिवशी डबा मी उघडाच ठेवला.

मग छपराखालच्या आकड्याला कप्पी, कप्पीला दोर,
खिडकीची झडप काढून टेकवली भिंतीला,
आणि पायपेटी हवेत गेली.
कुठली तरी पट्टी अडकली असावी,
भात्यात वारा शिरला असावा,
एक सूर निघाला, खर्जातला, गाय हंबरावी तसा.
कालव्यावरच्या लोकांनी वर पाहिलं.
मी हात वर केला. सवय.

संध्याकाळी त्याचा निरोप: "पोचलो. काही फुटलं नाही."
हे कळवायला कुणी बांधलेलं नसतं.
मी जाहिरात काढली, थांबलेल्या सहा जणांना लिहिलं,
"गेली. थांबलात, आभार."
एकाचं उत्तर आलं:
"आणि तीसला मागितली असती तर?"

केर काढताना दिसलं,
पडद्यामागं स्टूल तसंच,
मखमल झिजून तिचा रंग गेलेला.
फोटो काढून धाडला:
"हे राहिलं. ह्याचे पैसे पडत नाहीत."
पडद्यावर टिंबं हलली, थांबली, पुन्हा हलली.
मग आलं,
"अजून आहे का?"